विक्रम लँडर लॉग: एकात एक दोन चंद्र आणि काळाठिक्कर लँडर

मागं सांगितलं होतं की सेलेस्टियात (अंतराळ फिरून बघायचं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर) चांद्रयान ३ चा विक्रम बसवतोय, २३ ऑगस्ट २०२३ संध्याकाळी ६:०४ चा तो उतरण्याचा क्षण, तसाच उजेड पाहिजे. तर चार रात्री गेल्या. मशीन तेच, दुकानातला बिलिंगचा रिटायर पीसी, ऑनबोर्ड ग्राफिक्स, सेलेस्टिया १.६.१. सध्या युनिफॉर्मचा सीझन, सोलापुरात मे-जून म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, शटर ओढून घरी यायलाच साडेदहा होतात आणि मग जेवून हे उद्योग.

पहिली रात्र चंद्रानंच खाल्ली. जवळ गेलं की जमिनीवर पट्टेपट्टे, कॅमेरा जरा हलवला की फडफडतात, ट्यूबलाईटचा चोक गेल्यासारखं. म्हणलं ग्राफिक्सचा ड्रायव्हर गेला. कंट्रोल व्ही दाबून सगळे रेंडर पाथ (चित्र काढायच्या पद्धती) फिरवले, फडफड तशीच. शेवटी ~ दाबून कन्सोल, म्हणजे प्रोग्रामचे संदेश दिसतात ती खिडकी, उघडला (हे पहिल्यांदा करायचं असतं, मी नेहमी शेवटी करतो) तर तिथं सरळ लिहिलेलं, चंद्राची डुप्लिकेट डेफिनिशन. म्हणजे एकाच जागी दोन चंद्र, एकात एक बसलेले, आणि वर कोण दिसायचं यावरून पिक्सेल-पिक्सेलला भांडण.

झालं काय होतं, एक्स्ट्राज फोल्डरात चंद्राचे दोन ॲडऑन (वरून जोडायच्या फाईली), एक मोठं टेक्श्चर, म्हणजे पृष्ठभागाचं चित्र, आणि दुसरा नॉर्मल मॅपवाला, म्हणजे उजेडात खड्डे-उंचवटे भासवणारं चित्र. दुसऱ्याच्या एसएससी फाईलमध्ये (वस्तू कोणती, कुठं, कशी हे सेलेस्टियाला सांगणारी मजकुराची फाईल) चंद्राची अख्खी व्याख्या परत लिहिलेली आणि सुरुवातीला मॉडिफाय हा शब्दच नाही. तो नसला की सेलेस्टियाला वाटतं नवीन वस्तू आली, जुनी तशीच ठेवून शेजारी, म्हणजे इथं आत, दुसरी उभी करतं. मॉडिफाय असलं की आहे त्याच चंद्राला तेवढा बदल लावतं, रिप्लेस असलं की जुना काढून नवा ठेवतं. एक शब्द टाकला, नको त्या ओळी उडवल्या, फडफड बंद. नवीन टेक्श्चर तरी दिसेना, कारण फाईल हायरेस फोल्डरात आणि मी मीडियमवर, कॅपिटल आर दाबल्यावर आलं.

आता लँडर. मॉडेल बनवताना अंधारात नीट दिसत नव्हतं म्हणून } दाबून दाबून ॲम्बियंट लाईट, म्हणजे सगळीकडं सारखा पसरलेला खोटा उजेड, वाढवून ठेवलेला आणि विसरलेलो. परवा तो ‘None’ वर, म्हणजे शून्यावर, आणला तर लँडर काळाठिक्कर, नुसता आकार. ब्लेंडरमध्ये (थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) जाऊन शिफ्ट एन मारून नॉर्मल्स, म्हणजे प्रत्येक पृष्ठभागाचं तोंड कुठं ते, बाहेरच्या बाजूला केले, परत एक्सपोर्ट, काळाच. एका मित्रानं सांगितलं फाईलमध्ये इमिसिव्ह (वस्तू स्वतःच उजळ) ट्रू कर. केलं, तर लँडर गड्ड्याच्या जत्रेतल्या लाईटिंगसारखा स्वतःच झगमगायला लागला, आजूबाजूला मिट्ट काळोख. काढून टाकलं लगेच. इमिसिव्ह हा उजेडाचा इलाज नाहीच, त्यानं त्या वस्तूवरचा सूर्यच बंद होतो.

मग विचार केला, आजूबाजूला काळोख का? लँडिंगच्या दिवशी श्रावण शुद्ध सप्तमी होती, चंद्र अर्ध्याला आलेला, म्हणजे पूर्वेकडची बाजू उजेडात पाहिजे आणि विक्रम तर ३२ अंश पूर्वेला. फाईल उघडली आणि कपाळावर हात मारला. जागा देताना आधी रेखांश, मग अक्षांश लिहायचा असतो. मी ६९.३७ दक्षिण, म्हणजे उणे ६९.३७, आधी लिहिलेलं. तेवढ्यानं बिचारा पश्चिम कडेला, उत्तर गोलार्धात, रात्रीत जाऊन बसलेला! ॲम्बियंट वाढवलेला असल्यामुळं इतके दिवस कळलंच नाही. आकडे उलटे केले आणि एका बाजूनं ऊन आलं, दुसरी बाजू काळी, बरोब्बर पाहिजे तसं. वेळेत पण घोळ होता, सेलेस्टिया यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असलेली जागतिक वेळ) दाखवतं आणि मी तिथं १८:०४ टाकलेलं, खरं पाहिजे १२:३४. साडेपाच तासांत तिथला सूर्य जेमतेम अंशभर वर सरकतो, पण मुळात इतका खाली असताना एका अंशानं पण सावली चांगलीच आखडते.

नॉर्मल मॅपची गंमत वेगळीच. खड्डे कधी खड्डे वाटायचे, कधी फोड. डोळ्यावर विश्वास ठेवता येत नाही कारण उजेड वरून येतोय असं डोकं आपोआप धरून चालतं. म्हणून ताटातली कडक भाकरी घेतली, ताट टेबलावर, मोबाईलचा टॉर्च एका बाजूनं अगदी खाली धरला. भाकरीवरचा प्रत्येक फोड टॉर्चकडच्या अंगाला उजळ आणि पलीकडं लांब सावली. बोटानं दाबून खळगा केला (कडक भाकरी, अर्धी मोडलीच) तर तिथं उलटं, टॉर्चकडची कड काळी. आई म्हणाली, अन्नाशी काय खेळ मांडलायस रे. म्हणलं आई, चंद्राचा दक्षिण ध्रुव आहे. मग गप खा म्हणाली.

हे डोक्यात ठेवून स्क्रीनवर बघितलं. सूर्य पूर्वेला असताना खड्डे ठीक. वेळ पुढं ढकलून तिथली दुपार केली, तेव्हा सूर्य उत्तरेला येतो आणि भर दुपारी सुद्धा क्षितिजावर २० अंशाच्या आसपासच असतो, तर सगळ्या खड्ड्यांचे फुगे. पूर्व-पश्चिम बरोबर आणि उत्तर-दक्षिण उलटं म्हणजे नॉर्मल मॅपचा हिरवा चॅनल (चित्रातला हिरव्या रंगाचा थर, उत्तर-दक्षिण उतार त्यात असतो) उलटा. इमेज एडिटरमध्ये तेवढाच इन्व्हर्ट केला, फुगे परत खड्डे झाले.

राहिलं ते सावलीचं. या व्हर्जनमध्ये लँडरची सावली जमिनीवर पडतच नाही, ग्रहणाची पडते, शनीच्या कड्यांची पडते, पण मेशची, म्हणजे अशा मॉडेलची, नाही. म्हणून मॉडेलच्या खाली एक चपटा काळा तुकडा जोडलाय, त्या एका मिनिटापुरता बरोबर दिसतो, वेळ पळवली की सूर्य फिरतो आणि सावली जागची हलत नाही. चीटिंग आहे, मान्य.

विक्रमसोबतच्या प्रज्ञान रोव्हरचा ॲडऑन पण उतरवलाय. त्याच्या फाईलमध्ये पण चंद्राची अख्खी व्याख्या दिसतीय, मॉडिफाय शिवाय. आज रात्री आधी तीच उघडतो.