तुम्ही विचारलंत म्हणून: बुडत्या शहरात प्रेम कशाला?

माझी कादंबरी वाचलेलं कुणी बडोद्यात भेटलं की हा प्रश्न येतोच. दांडिया बाजारातल्या एका काकूंनी तो सगळ्यांत रोखठोक विचारला. "अगं, पूर काय, मोजून पाणी काय, ते मेलं दफ्तर काय! एवढ्यात त्या पोरांना प्रेम बरं सुचतं?"

वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बडोदंच आहे, पण पुढच्या शतकातलं. विश्वामित्री नदीनं निम्मं शहर गिळलंय आणि मगरी रावपुऱ्यापर्यंत आल्यात. (यात कल्पना किती, देव जाणे. 2024च्या ऑगस्टमधल्या पुरात मगरी लोकवस्तीत शिरल्या होत्याच.) प्यायचं पाणी फक्त आजव्याच्या तलावाचं, आणि ते दफ्तर, म्हणजे सरकारी कचेरी, वाटतं. प्रत्येकाच्या मनगटात तांब्याचं पोकळ कडं असतं. त्यात जेवढं पाणी दिसेल तेवढा तुमचा वाटा. एकविसाव्या वर्षी दफ्तर जोडीदार नेमून देतं. भलतीकडे मन गेलं तर कड्यातलं पाणी आटायला लागतं. नायिका त्याच दफ्तरात कारकून आहे, आणि तो पैलतीरावरचा, मगरींना हाक मारणारा.

आता यातून प्रेम वगळून बघा. उरतात रांगा. रांगेची माणसाला सवय होते हो. टंचाईची होते, संचारबंदीचीही होते, आठवडाभर कुरकुर केली की संपलं. पण मनातलं नाव तोंडावर आणलं तर घरच्यांचं पाणी तुटेल, हे ज्या मुलीला कळतं तिला राज्य काय चीज असते ते पुरतं कळतं. तिला वेगळं राजकारण शिकवावं लागत नाही.

"हे सगळं इंग्रजीवरून घेतलंत ना?" असंही विचारतात, विशेषतः कॉलेजातली मुलं. वाचलं आहे, नाही कशाला म्हणू? 'द हंगर गेम्स' 2008मध्ये आलं. त्यात बारा जिल्ह्यांतली चोवीस मुलं एकमेकांना मारायला रिंगणात सोडतात आणि कॅमेरे लावून सगळ्या देशाला दाखवतात. नायिका त्यांतल्याच एका मुलाबरोबर प्रेमाचं नाटक वठवते, कारण बघणाऱ्यांना पाझर फुटला तर वरून अन्न आणि औषध येतं. तिथे प्रेमावर पोट भरतं. पुढे पुढे यातलं नाटक किती आणि खरं किती, हे तिचं तिलाही धड सांगता येत नाही. त्या पुस्तकातला मला सगळ्यात भयंकर वाटलेला भाग हाच, मारामारी नव्हे.

पण दफ्तर मला बाहेरून आणावं लागलं नाही, ते घरात होतंच. गुणमेलन घ्या. पत्रिकेत जुळवायच्या आठ बाबी, म्हणजे कूटं, एकूण गुण छत्तीस, त्यांतले आठ नाडी या एकट्या कूटाचे, आणि अठराच्या खाली असतील तर स्थळ पुढे जात नाही. भविष्यातल्या सरकारसाठी याहून पक्कं गणित मला सुचलं नसतं. मी फक्त कूटांना सरकारी नावं दिली आणि पंचांगाच्या जागी तांब्याचं कडं आणलं. काकूंना हे समजावत होते, तर त्यांचा पुढचा प्रश्न तयार: "ते असू दे, पण मुलगा आपल्यातला आहे ना?"

बडोदेकर म्हणून आणखी एक गोष्ट डोक्यात होती. आपल्याकडे राज्य लोकांच्या लग्नात फार लवकर शिरलं, आणि भल्यासाठी शिरलं. सयाजीरावांनी 1904 साली बालविवाहाविरुद्ध कायदा केला, 1931 साली हिंदूंना घटस्फोटाचा हक्क दिला. 1906पासून राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं होतं आणि मूल शाळेत धाडलं नाही तर आईबापांना दंड होई. आमच्या घरातल्या बायका शिकल्या त्यात त्या दंडाचाही वाटा असणार. मी त्याच्या विरुद्ध एक अक्षर बोलणार नाही. पण 'तुमच्या भल्यासाठी' म्हणत उंबरठा ओलांडायची सवय राज्याला लागली, आणि सयाजीरावांच्या जागी उद्या दुसरंच कुणी बसलं, तर? म्हणून माझ्या दफ्तरातले अधिकारी राक्षस नाहीत. नम्र आहेत, वेळेवर येतात, जुन्या बडोद्याचे दाखले देतात. खदाखदा हसणारा खलनायक मला झेपत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याची कुणाला भीतीही वाटत नाही.

या प्रकारच्या कादंबऱ्यांत एका मुलीमागे दोन मुलं असा तिढा हमखास असतो. त्याचा मला कंटाळा आहे. तरी दुसरा मुलगा माझ्याकडेही आहे, म्हणजे दफ्तरानं तिला नेमून दिलेला. तो मात्र मी मुद्दाम चांगला केला. आईला जपतो, स्वतःच्या वाट्यातलं पाणी शेजारच्या म्हातारीला देतो, आणि जुळलेले गुण एकतीस! दुष्ट मुलाला नकार द्यायला काय लागतं? हा नाकारला तर तिला कारण काय सांगायचं? मी निवडला नाही, एवढंच. तिच्या आईला ते पटत नाही, दफ्तराच्या अर्जात त्यासाठी रकाना नाही. कादंबरीतली खरी लढाई त्या अर्जावर आहे. मगरींची नंतर येते.

आता गंमत अशी की वाचणाऱ्या मुलींपैकी बऱ्याच जणींना तो एकतीस गुणांचाच आवडतो. "ताई, ही काय वेडी आहे का?" असं तोंडावर विचारतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. त्यांनी तो निवडलाय.