रत्नागिरी ते देवबाग: देवमाशाच्या पायांचा माग

देवमाशाचे पूर्वज चार पायांवर चालायचे, हे पुस्तकात वाचलेलं असतं. कोकणात त्याच्या खुणा प्रत्यक्ष बघता येतात, म्हणून रत्नागिरी ते देवबाग हा टप्पा आम्ही मुद्दाम सावकाश केला. शाळकरी मुलं बरोबर असतील तर तुम्हीही तसाच करा.

सुरुवात रत्नागिरीच्या झाडगाव भागातल्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्रापासून करावी. वेळ आणि सुट्टी आधी विचारून घ्या. लोक काचेतले रंगीत मासे बघून निघतात. तुम्ही देवमाशाच्या सांगाड्यापाशी थांबा आणि कण्यावरून हळूहळू शेपटीकडे नजर न्या. मणके लहान होत जातात, पण मागचे पाय बसतील असा कमरेचा सांधा कुठेच येत नाही. ओटीपोटाची दोन छोटी हाडं देवमाशाला आजही असतात. ती कण्याला जोडलेली नसून मांसात सुटी असतात, त्यामुळे सांगाडा उभारताना अनेकदा हरवतात. पुढच्या पराची रचना मात्र थेट हाताची: दंडाचं एक हाड, कोपराखाली दोन, मग मनगट आणि बोटं. बांगड्याच्या परात यातलं काहीही नसतं.

मुलांना इथेच सांगावी अशी गोष्ट आपल्या देशातली आहे. जम्मूतल्या कालाकोट भागात ए. रंगा राव या भूवैज्ञानिकांनी जीवाश्मांचे दगड जमवले होते. त्यांच्या निधनानंतर ते जीवाश्मांचे अभ्यासक हान्स थेविसन यांच्याकडे आले. साफसफाई करताना एक कवटी तुटली आणि आतलं कानाचं हाड दिसलं. त्याची एक बाजू जाड होती, तशी ती देवमाशांच्याच कानात असते! देवमाशाशी ज्याचं नातं २००७ मध्ये जाहीर झालं, तो हा ‘इंडोहायस’ सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, आपल्याकडच्या पिसोरी हरणासारखा बारीक पायांचा, खुरांचा प्राणी. त्याची पायांची हाडंही भरीव आणि जड होती, म्हणजे तो पाण्यात बराच वेळ काढत असावा. पुढचा दुवा कच्छमध्ये आहे. तिथे सापडलेल्या ‘कच्छीसेटस’ला आखूड पाय आणि लांब, दणकट शेपूट होती. सुनील बाजपेयी आणि थेविसन यांनी त्याचं वर्णन २००० मध्ये केलं. आजच्या जिवंत प्राण्यांत देवमाशाचा सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणजे पाणघोडा.

रत्नागिरीहून महामार्गाने कसालला वळून मालवण गाठा. रेल्वेने यायचं तर कुडाळ किंवा सिंधुदुर्गनगरीला उतरा. मालवणला संध्याकाळचा मासळीचा लिलाव चुकवू नका, आणि मुशी (शार्क) आली असेल तर तिची शेपूट नीट बघा. ती उभी असते आणि पोहताना डावी-उजवीकडे हलते. दुसऱ्या दिवशी पहाटे जवळच्या देवबागहून होडीने देवमाशाच्याच कुळातले डॉल्फिन बघायला जा, म्हणजे फरक लगेच कळतो.

आमच्या तांडेलकाकांनी इंजिन बंद केलं आणि म्हणाले, “गप रवा, आता हयच वर येतले.” आधी ‘फुस्’ असा श्वास ऐकू आला, मग राखाडी पाठीचा उंचवटा वर आला. बुडी मारताना शेपूट पाण्याबाहेर आली, ती आडवी! डॉल्फिन शेपूट वर-खाली मारतो, कारण त्याचा कणा धावणाऱ्या सस्तन प्राण्यासारखा वर-खाली वाकतो. कोट्यवधी वर्षं पाण्यात काढूनही ही जमिनीवरची चाल सुटलेली नाही. मला हा पुरावा सांगाड्यापेक्षाही मोठा वाटतो, कारण तो जिवंत आहे.

ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत जा. पावसाळ्यात होड्या बंद असतात. सकाळी वारा कमी असतो, तेव्हाच निघा. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत बसू नका. तांडेलाला आधीच सांगा, की डॉल्फिनचा पाठलाग नको, लांबून दिसले तरी चालतील. कुणी ‘व्हेलची उलटी’ विकायला आणली तर हातही लावू नका, तो गुन्हा आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलं होतं. गावकरी आणि वनविभागाने जिवाचं रान केलं, पण ते वाचलं नाही. पाण्याचा आधार सुटला की देवमाशाचं स्वतःचंच वजन त्याच्या फुप्फुसांवर येतं. असा जीव दिसला तर शेपटीला दोर बांधून ओढू नका, अंगावर ओली फडकी टाका, डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी जाऊ देऊ नका आणि लगेच वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. हा नंबर निघण्यापूर्वीच मोबाइलमध्ये टाकून ठेवा.