उत्तर बरोबर दुप्पट

सिलिंड्रिकल कोऑर्डिनेट्समध्ये (आर म्हणजे झेड-अक्षापासूनचं अंतर, थीटा म्हणजे त्या अक्षाभोवतीचा कोन, झेड म्हणजे उंची) दोन सरफेस कुठे छेदतात ते काढायला मला दोन मिनिटं लागली. झेड = आर² हा वाटीसारखा पॅराबोलॉइड, झेड = २ एक्स हे तिरकं प्लेन. एक्सच्या जागी आर कॉस थीटा टाकला, दोन्ही झेड समान केले, आर = २ कॉस थीटा. खेळ खल्लास.

मग दोघांच्या मधलं घनफळ काढायला बसलो आणि तीन दिवस गेले. माझं उत्तर पाय (π), गाइडमधलं पाय भागिले २. इंटिग्रेशन चार वेळा केलं. आर डीआर डीथीटा, म्हणजे क्षेत्रफळाचा बारीक तुकडा, त्यातला आर लिहायचा राहिला का तेही पाहिलं (तुमचं चुकलं तर आधी तोच बघा). सगळं बरोबर! विजापूर रोडवरच्या क्लासमध्ये सरांना गाठलं. "लिमिट चेक कर," म्हणाले आणि फोन कानाला लावून बाहेर. अहो, लिमिट म्हणजे थीटा कुठून कुठपर्यंत फिरवायचा, आणि तो शून्य ते २ पाय हे तुम्हीच फळ्यावर लिहून पाठ करून घेतलंत ना?

सुटलं ते मेसमध्ये. कडक भाकरी चुरायला आमटीची वाटी कलती केली. आमटी एका अंगाला सरकली, तळाचा मधला बिंदू उघडा पडायच्या बेतात. वाटी म्हणजे जवळपास पॅराबोलॉइड, आमटीची सपाटी म्हणजे माझं प्लेन. आणि सगळी आमटी त्या बिंदूच्या एकाच बाजूला! मग थीटाला पूर्ण फेरी कशाला? उणे पाय भागिले २ ते पाय भागिले २, बास. उरलेल्या अर्ध्या फेरीत कॉस ऋण, आर ऋण, आणि तेच वर्तुळ पुन्हा गिरवलं जातं. शेवटी कॉसचा चौथा घात उरतो, तो सम, म्हणून कटत नाही, दुप्पट होतं.

"काय बे, आमटीत काय पडलंय का?" रूम पार्टनर.

हे आधी सांगायला हवं होतं: एक्स-वाय प्लेनवर सावली काढून घ्या. छेदरेषा लंबवर्तुळ असली तरी इथे तिची सावली वर्तुळच, केंद्र (१, ०), त्रिज्या १. ते ओरिजिनला, म्हणजे (०, ०) ला, नुसतं टेकतं, वेढत नाही. आणि आर² = २ आर कॉस थीटाला आरने भागताना आर = ० सांडतो. इथे तो थीटा = पाय भागिले २ ला परत हाती लागतो, दरवेळी लागेलच असं नाही.

सोमवारी सरांना वही दाखवली. "मग? मी काय म्हणालो होतो? लिमिट!"