सहावा महिना: जिंकलेला डाव, लाल शाई

मागच्या नोंदीनंतर सव्वा महिना गेला. पोकरचे एकूण डाव 11,400. व्हीपीआयपी, म्हणजे सक्ती नसताना मी किती डावांत चिप्स टाकतो तो आकडा, 43 वरून 25 टक्क्यांवर आलाय. नव्याने वाचणाऱ्यांसाठी: सगळा खेळ फुकटच्या चिप्सवर, सहा जणांच्या टेबलावर, नो-लिमिट होल्डेम (हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच, आणि कितीही लावायची मुभा). ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, 22 तारखेला राष्ट्रपतींची सही झाली आणि पैशांचा ऑनलाइन पोकर आपल्याकडे बंद झाला. तेव्हा माझ्या खात्यात 260 रुपये उरले होते आणि त्याआधी साडेचार हजार उडाले होते. त्यामुळे कायद्याने माझ्या पोटावर पाय आणला असं काही म्हणता येत नाही.

या महिन्यातला सगळ्यात कामाचा डाव मी जिंकलेला आहे आणि वहीत तो लाल शाईने लिहिलाय.

माझ्याकडे बदामची नव्वी-अठ्ठी. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन पानांत, बदामचा एक्का, बदामची तिर्री, किलवरचा राजा. पॉट, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्स, 900. समोरच्याने पूर्ण 900 लावले, त्याच्यामागे 1,100 उरले. मी झटक्यात हिशेब केला: नऊ बदाम शिल्लक, कामाच्या पानांना चारने गुणलं की लागण्याची शक्यता मिळते, नऊ चोक छत्तीस, म्हणजे 36 टक्के. लागतात किती? 900 घालून 2,700 च्या पॉटवर डोळा, म्हणजे 33 टक्के. 36 जास्त, कॉल, म्हणजे तेवढेच टाकून डावात राहिलो. टर्नवर, म्हणजे चौथ्या पानावर, बदामची दुर्री आली, त्याने उरलेले सगळे लावले, मी फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) दाखवला, चिप्स घेतल्या. रात्री वही लिहायला बसलो तेव्हा घोळ दिसला.

चारने गुणायचा तो नियम टर्न आणि रिव्हर (पाचवं, शेवटचं) ही दोन्ही पानं बघायला मिळणार असतील तेव्हाचा. इथे माझे 900 एकाच पानासाठी चालले होते, कारण टर्न कोरडा गेला की समोरचा पुन्हा लावणार हे उघड होतं. एका पानासाठी न दिसलेल्या 47 पैकी 9, म्हणजे 19 टक्के. बरं, पुढे त्याच्याकडून आणखी निघतील असं धरावं, तर तेही मांडून बघितलं. लागलं तर जास्तीत जास्त 1,800 अधिक 1,100, म्हणजे 2,900. त्याला 9 ने गुणलं तर 26,100. चुकलं तर 900 जातात, ते 38 वेळा, म्हणजे 34,200. हा कॉल तोट्याचाच. आणि दश्शी-गुलामाचा मोठा फ्लश समोर असण्याची भीती मी यात धरलेलीच नाही. पूर्वी मी हा डाव मित्रांना मिटक्या मारत सांगितला असता.

तेव्हापासून पद्धत बदललीय. डाव संपल्यावर निकाल लिहायचा नाही. कॉल का केला तेवढंच एका ओळीत लिहायचं, आणि तेही पान उलटण्याआधी. वेळ फार थोडा असतो, म्हणून खुणा ठरवल्यात: ‘भा’ म्हणजे भाव जुळला, ‘जा’ म्हणजे जागा चांगली, ‘खा’ म्हणजे खाज. पहिल्या आठवड्यात 61 कॉलपैकी 24 ‘खा’ निघाले. ही खाज आली तीन पत्तीतून. दिवाळीत आमच्याकडे पानं न बघता ब्लाइंड खेळणाऱ्याला मान असतो, आणि शो मागितल्याशिवाय कुणाला झोप लागत नाही. पोकरमध्ये हीच सवय चिप्स खाते. त्यामानाने लहानपणचं मेंढीकोट कामाला आलं. कोणती पानं पडून गेली, कोण कोणतं पान दाबून बसलंय, ही नजर तिथूनच आली.

तीन पत्तीवरून पोकरकडे येणाऱ्यांनी आणखी एक सांभाळा. तिथे सिक्वेन्स कलरच्या वर, इथे फ्लश (कलर) स्ट्रेटच्या (सिक्वेन्सच्या) वर. पहिल्या महिन्यात स्ट्रेट घेऊन मी दोनदा सगळं लावून बसलो होतो. कारण साधं आहे: तीन पानांत नुसते सिक्वेन्स 720 प्रकारे होतात आणि नुसते कलर 1,096 प्रकारे, पाच पानांत स्ट्रेट 10,200 आणि फ्लश 5,108. जे दुर्मीळ ते वरचं.

सुरुवातीची कोणती दोन पानं खेळायची त्याचा तक्ता मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. तेरा गुणिले तेरा, 169 चौकटी, खेळायच्या तेवढ्या रंगवलेल्या. कर्णावर जोड्या, वरच्या बाजूला एकाच रंगाची पानं, खाली वेगवेगळ्या रंगांची. काका सोलापूरच्या पूर्वभागातून, विणकरांच्या वस्तीतून, आले होते. त्यांनी हयातभर जॅकार्डच्या (मागावर नक्षी विणलेल्या) चादरींचे ग्राफ, म्हणजे नक्षीचे चौकटींचे आराखडे, काढले. दार उघडं होतं, ते चष्मा कपाळावर सारून बघत राहिले. “हे कुठल्या चादरीचं ग्राफ बे? नक्षी वरच्या कोपऱ्यातच भरलास, खालचं सगळं रिकामं. असला माल कोण घेईल?” मी म्हटलं, “काका, खालचं रिकामं ठेवायलाच सहा महिने लागले.” त्यांना पटलं नाही. पण त्यांचं बोलणं ऐकल्यावर मला तक्ता घोकावा लागला नाही. आता तो नक्षीसारखा डोळ्यांसमोर येतो: बटणावर, म्हणजे शेवटी बोलायच्या जागी, बसलो की रंग खाली पसरतो, पहिला बोलायची पाळी असली की कोपऱ्यात आकसतो.

फुकटच्या टेबलावर ब्लफ जवळपास सोडून दिलाय. समोरच्याने फोल्ड करायला, म्हणजे पानं टाकून द्यायला, त्याला चिप्सची किंमत वाटायला हवी ना! 37 ब्लफ मोजले, 29 वेळा कॉल आला. एकाने तर चव्वीच्या जोडीवर. उलट एक्क्याची बरी जोडी असली की फ्लॉप, टर्न, रिव्हर, तिन्ही वेळा लावतो, आणि पूर्वीपेक्षा मोठं लावतो. लोक देतात.

दुसरा नियम पाण्याचा. आमच्या गल्लीत पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेही रात्री कधीतरी. त्या रात्री खेळायचं नाही. मार्चमध्ये राजांची जोडी हातात असताना आईने “अरे, पिंप भरलं!” म्हणून हाक मारली, मी पाइप काढून येईपर्यंत घड्याळ संपून पानं फोल्ड. त्यानंतरच्या वीस मिनिटांत रागाने जे खेळलो त्याचा हिशेब पुन्हा देत नाही, मागच्या नोंदीत आहे.

आता आकड्यांबद्दल, कारण मागे माझी कमाई बघून दोघांनी अभिनंदन केलं होतं. माझी कमाई शंभर डावांमागे 7 मोठे ब्लाइंड दिसते (पोकरमध्ये पानं बघण्याआधी दोघांना सक्तीने छोटा आणि मोठा ब्लाइंड टाकावा लागतो, मोठ्यावर कमाई मोजतात). हुरळू नका. सहा जणांच्या टेबलावर शंभर डावांमागे चढउतार 90 ब्लाइंडच्या आसपास धरतात. 11,400 डावांवर त्याचा अर्थ असा की खरा आकडा उणे 10 पासून अधिक 24 पर्यंत कुठेही असू शकतो. ‘खा’च्या खुणा आठवड्याला 24 वरून 6 वर आल्यात, त्यावर मी जास्त भरवसा ठेवतो.

पुढच्या महिन्यात तिसऱ्या-चौथ्या रेझचे, म्हणजे लावलेली रक्कम पुन्हा पुन्हा वाढवली जाते ते डाव घेणार आहे. त्यातलाच एक तुमच्यापुढे ठेवतो. मी बटणावर, राण्यांची जोडी, दोघांकडे शंभर-शंभर मोठे ब्लाइंड. मी रेझ, छोट्या ब्लाइंडवरच्याने पुन्हा रेझ, मी 22 केले, त्याने सगळे लावले. माणूस शांत, माझ्या नोंदीप्रमाणे शंभरात 14 डाव खेळणारा. एक्के, राजे किंवा एक्का-राजा, याखेरीज तो एवढं करणार नाही असं धरलं. एक्क्यांच्या जोड्या 6 प्रकारे, राजांच्या 6, एक्का-राजा 16 प्रकारे. या सगळ्यांविरुद्ध राण्या जिंकतात 40 टक्क्यांच्या आसपास. मला आणखी 78 टाकून 201 च्या पॉटसाठी लढायचं, म्हणजे लागतात 38.8. काठावर का होईना, कॉल जमतो. पण वेगळ्या रंगांचा एक्का-राजा तो निम्म्याच वेळा लावत असेल, तर माझे 40 चे 35 होतात आणि फोल्ड बरोबर ठरतो.

मी कॉल केला, खूण ‘भा’. त्याने काय उलटलं ते तुमची उत्तरं आल्यावर सांगतो.