लंबकाची वही: १०.२२ पासून ९.७८ पर्यंत

लंबकावरून जी, म्हणजे गुरुत्वत्वरण (सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग), मोजायचं हे मागच्या नोंदीत ‘एका संध्याकाळचं काम’ असं लिहिलं होतं. तीन आठवडे लागले.

मांडणी साधीच. दाराच्या चौकटीला घट्ट आवळलेला दोरा, खाली ५ सेंमी व्यासाचा लोखंडी गोळा आणि फोनमधलं स्टॉपवॉच. गाठीपासून गोळ्यापर्यंत दोरा ९७.५ सेंमी भरला. २० आंदोलनांना वेळ लागला ३८.८२ सेकंद. आवर्तकाल (एका आंदोलनाचा वेळ) = २ × पाय × √(लांबी ÷ जी) हे सूत्र उलटं फिरवलं आणि जी आला १०.२२. म्हणजे खऱ्या किमतीपेक्षा चारेक टक्के जास्त. दोरा-गोळ्याच्या मानाने ठीकच की, म्हणून वही मिटणार होते.

दुसऱ्या दिवशी सहज परत मोजायला बसले तेव्हा स्वतःचाच आवाज कानावर पडला. गोळा सोडताना मी ‘एक’ म्हणत होते! म्हणजे वीस म्हणेपर्यंत आंदोलनं झालेली असायची एकोणीसच. (हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांनी हे केलेलं असणार.) आता ‘शून्य’पासून मोजलं, वेळ आला ४०.८६ सेकंद आणि जी आला ९.२२.

चूक सुधारली आणि उत्तर आणखी बिघडलं. आधी चार टक्के जास्त होतं, आता सहा टक्के कमी. त्या रात्री अभ्यासात लक्षच लागलं नाही. कालचं बऱ्यापैकी उत्तर बरोबर मोजल्यामुळे आलंच नव्हतं. मोजणीतली चूक उत्तर वर ढकलत होती, दुसरं काहीतरी खाली ओढत होतं आणि दोघं मिळून मला उल्लू बनवत होते.

खाली ओढणाऱ्यांपैकी एक लगेच सापडला. लांबी गोळ्याच्या माथ्यापर्यंत नाही, मध्यापर्यंत धरायची असते. २.५ सेंमी मिळवले, लांबी बरोबर १०० झाली, जी ९.४६. बरं वाटलं, पण साडेतीन टक्के अजून बाकीच.

इथे आठवडाभर अडकले. हवेचा विरोध, ताणला जाणारा दोरा, हलणारी चौकट, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. दोरा बदलला, चौकटीत पाचर मारली. आकडा ढिम्म हलेना. शेवटी सूत्राची सिद्धता काढून ओळीओळीने वाचली. ‘कोन लहान असल्यास’ ही ओळ मी आजवर निदान दहा वेळा उतरवून काढली असेल, पण वाचली कधीच नव्हती. मी गोळा ३० अंशांवरून सोडत होते, कारण मोठा झोका मोजायला सोपा!

३० अंश म्हणजे ०.५२३६ रेडियन, आणि त्याचं साइन ०.५. सूत्रात साइनच्या जागी कोनच धरलेला असतो, म्हणजे गोळ्याला मागे खेचणारं बल टोकाला साडेचार टक्क्यांनी जास्त मानलं गेलं. पण झोक्याच्या मध्याकडे ही तफावत शून्यावर येते, त्यामुळे एका पूर्ण झोक्यावर तिचा पाऊण भागच पदरात पडतो, आणि आवर्तकाल बलाच्या वर्गमुळावर अवलंबून असल्याने त्याचाही निम्मा होतो. उरतात १.७ टक्के. जी काढताना आवर्तकालाचा वर्ग येतो, म्हणून तिथे परत दुप्पट, साडेतीनच्या आसपास. माझे हरवलेले साडेतीन टक्के!

दोऱ्याला हातही न लावता जुन्याच आकड्याला ही दुरुस्ती लावली. ९.७९. रात्री अकरा वाजता एकटीच टाळी वाजवली. मग खात्रीसाठी कोन ५ अंशांवर आणून नव्याने मोजलं: ४०.१८ सेकंद, जी ९.७८. स्टॉपवॉचवरच्या बोटाची चूक दीड-दोन दशांश सेकंद धरली तर जीमध्ये ०.१ इकडेतिकडे होणारच, त्यामुळे दोन्ही आकडे एकच समजा.

गणित आणि फिजिक्समध्ये एवढं काय ठेवलंय, असं मैत्रीण विचारते. तिला ही वही दाखवली. उत्तर चुकलंय हे मला कोणी लाल पेनाने सांगितलं नाही, दोऱ्याने सांगितलं. आणि दोऱ्याची काही चूक नव्हती, हे कागदाने सांगितलं. तिला फारसं पटलं नाही. तिचं लक्ष मात्र भलतीकडेच गेलं: पायचा वर्ग ९.८७, मग तो जीच्या इतका जवळ कसा? प्रश्न झकास आहे. ज्या लंबकाला एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला बरोबर १ सेकंद लागतो त्याची लांबी सुमारे ९९.४ सेंमी असते. मीटर म्हणून हीच लांबी घ्यावी अशी सूचना खरोखर पुढे आली होती. फ्रान्समध्ये १७९१ साली पृथ्वीच्या रेखावृत्तावरून मीटर ठरवायचा निर्णय झाला. या लंबकाचा आवर्तकाल २ सेकंद, म्हणून सूत्रातून जी = पायचा वर्ग × लांबी येतं; लंबकाचा मीटर घेतला असता तर तो जिथे मोजला त्या जागी जी तंतोतंत पायचा वर्ग निघाला असता.

आता मोठ्या कोनांचं वेड लागलंय. त्यासाठी एलिप्टिक इंटिग्रल (नेहमीच्या सूत्रांनी न सुटणारं इंटिग्रल) सोडवावं लागतं असं वाचून दचकले होते, पण गणितज्ञ गाउसची युक्ती सापडली. १७९९ साली तो दोन संख्यांची सरासरी आणि भूमितीमध्य (गुणाकाराचं वर्गमूळ) पुन्हा पुन्हा काढत बसला होता. तेच इथे चालतं. ६० अंशांसाठी सुरुवात १ आणि अर्ध्या कोनाचा कोसाइन, कोस ३०, म्हणजे ०.८६६०, यांच्यापासून. सरासरी ०.९३३०, भूमितीमध्य ०.९३०६. त्या दोघांवर पुन्हा तेच केलं की दोन्ही ०.९३१८ येतात. दोन पायऱ्यांत खेळ खलास! १ भागिले ०.९३१८ म्हणजे १.०७३२, आवर्तकाल एवढ्या पटीने वाढायला हवा. पाच आंदोलनांना १०.०४ ऐवजी १०.७८ सेकंद.

मोजलं: १०.६९, १०.७४, १०.७१. तिन्ही वेळा थोडं कमीच. बोटाची चूक असती तर एखादा आकडा वर गेला असता. पाचव्या झोक्याला गोळा ६० अंशांवरच्या खडूच्या खुणेपर्यंत पोहोचत नाही हे डोळ्यांना दिसतं. कोन घटत जातो, तसा आवर्तकालही. पुढच्या वेळी प्रत्येक झोक्याचा कोन व्हिडिओवरून काढणार आहे.

त्यानंतर १७० अंश. गाउसच्या हिशेबाने तिथे आवर्तकाल २.४४ पट व्हायला हवा. ९० अंशांपुढे दोरा सैल पडतो, त्यामुळे हलकी ताठ दांडी लागेल, आणि तिला कमीत कमी घर्षणाचं बेअरिंग. सायकलच्या चाकातलं कोणी वापरून पाहिलंय का? ग्रीस काढून टाकावं लागतं की तसंच चालतं?