हजाराचा फॉर्म विडी घरकुलात जाईना

दुपारी दोनच्या सुमारास सोलापूरच्या अशोक चौकातल्या एका हॉटेलात चहा सांगितला आणि सकाळपासून भरून आलेले फॉर्म टेबलावर रंगांप्रमाणे लावले. आकडे उलटे निघाले. 'उद्या नवी साथ आली आणि तिच्यावर लस निघाली, तर एका डोसचे १०० रुपये द्याल का?' याला 'नाही' जास्त. 'हजार द्याल का?' याला 'हो' जास्त. लस महाग केली की मागणारे वाढतात, असा अहवाल कुणी घेत नाही.

नव्या साथीच्या लसीला लोक स्वतःच्या खिशातून किती देतील हे मोजायचं काम होतं. खऱ्या पाहणीआधीची ही चाचणी, विडी घरकुल (विडी कामगारांची वसाहत), दाजी पेठ आणि जुळे सोलापूर अशा तीन ठिकाणी. फॉर्म चार रंगांचे होते: पांढरा १०० रुपयांचा, पिवळा २५०चा, गुलाबी ५००चा, हिरवा १०००चा. बाकी मजकूर अक्षर न् अक्षर सारखा. प्रत्येक फॉर्मवर दोनदा भाव विचारायचा. पिवळ्यावर २५०ला 'हो' आलं तर ५०० विचारायचे, 'नाही' आलं तर १००. पहिल्याला 'हो' आणि दुसऱ्याला 'नाही' म्हणजे त्या माणसाची तयारी २५० ते ५००च्या मध्ये कुठेतरी आहे. एकट्या माणसाचा नेमका आकडा हाती येत नाही, पण अशा शेकडो पट्ट्या एकावर एक ठेवल्या की मागणीची रेघ उतरते.

सरळ 'किती द्याल?' असं का विचारत नाही, हा प्रश्न पाहणीच्या कामावर येणारा प्रत्येक नवा मुलगा पहिल्याच दिवशी विचारतो. न पाहिलेल्या वस्तूचा भाव कुणाच्या डोक्यात तयार नसतो. मग माणूस शेवटचा ऐकलेला आकडा सांगतो. कोविडच्या लसीबाबत तो बहुतेकदा २५० असतो, कारण १ मार्च २०२१पासून खासगी दवाखान्यात लसीचे १५० आणि टोचण्याचे १०० अशी कमाल किंमत ठरली होती. ज्यांनी त्या जूननंतर पैसे मोजले ते कोविशिल्डचे ७८० किंवा कोव्हॅक्सिनचे १४१० सांगतात. ही झाली आठवण, तयारी नव्हे. शिवाय दुकानात आपण 'हा भाव, घेता का?' यालाच उत्तर देत असतो. १९८९च्या अलास्कातल्या तेलगळतीनंतर निसर्गाच्या नुकसानीची किंमत अशी लोकांना विचारून ठरवावी का, यावर अमेरिकेत बराच वाद झाला. तेव्हा केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या अर्थतज्ज्ञांच्या समितीने १९९३मध्ये हो-नाहीचा प्रश्नच विचारावा, तोही शक्यतो समोरासमोर, असं सुचवलं.

तर उलटे आकडे. फॉर्मच्या कोपऱ्यातले पत्ते वाचले आणि उलगडा झाला. पांढरे जवळजवळ सगळे विडी घरकुलातले, हिरवे जुळे सोलापुरातले. फॉर्म वरून येईल तसा काढायचा, असं सकाळी बजावलं होतं. मुलांनी घर बघून काढला होता.

"सर, एका खोलीत बसून विड्या वळणाऱ्या अक्काला हजार कसं विचारायचं? जीभच रेटत नाही," एक मुलगी म्हणाली. जुळे सोलापूरचा मुलगा म्हणाला, "बंगल्यात शंभर विचारलं तर हसतील की ओ."

यात लबाडी नव्हती, आपल्याकडची भीड होती. पण या भिडेने सकाळचे सगळे फॉर्म गेले. गरिबाला फक्त कमी भाव आणि सधनाला फक्त जास्त भाव विचारला, की उत्तर भावामुळे आलं की ऐपतीमुळे हे नंतर कुठल्याच गणिताने सुटं करता येत नाही. उत्पन्नाचा रकाना आहे ना, असं कुणी म्हणेल. पण विडी घरकुलात हजाराचा प्रश्न एकदाही विचारला गेला नसेल, तर तिथलं हजाराचं उत्तर कुठल्या रकान्यातून आणणार?

टॅब्लेट असते तर फॉर्म मशीननेच निवडला असता. आम्ही कागदावर होतो. समोरच्या स्टेशनरीतून ४० पाकिटं आणली, एका पाकिटात एक याप्रमाणे प्रत्येक रंगाचे दहा फॉर्म घालून डिंकाने बंद केली, पत्त्यांसारखी पिसली आणि मग वर १ ते ४० आकडे टाकून चिकटवलेल्या जागी सही केली. आधी आकडे टाकून नंतर पिसली तर आकड्यांच्या क्रमाने फोडताना रंग पुन्हा भरले होते त्याच क्रमाने येतात. पाकीट आकड्याच्या क्रमाने, घरात बसल्यावर आणि त्या माणसासमोरच फोडायचं. याचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता: 'चिठ्ठीत हे निघालंय, आम्ही ठरवलेलं नाही' असं म्हणता येतं आणि विचारणाऱ्याची लाज निम्मी होते.

चार वाजता सगळे मिळून विडी घरकुलात गेलो. तिथे बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात, म्हणून तेलुगू फॉर्म बाहेर काढला आणि दुसरी भानगड दिसली. मराठीत आम्ही 'द्याल का' लिहिलं होतं. तेलुगूत ते 'इव्वगलरा' झालं होतं, म्हणजे 'देऊ शकाल का'. ऐपत विचारली की अभिमान जागा होतो आणि माणूस 'हो' म्हणतो; किंवा रडगाणं लागतं आणि 'नाही' म्हणतो. आम्हाला हवं होतं 'इस्तारा', 'द्याल का'. जागेवर पेनाने दुरुस्त केलं. लसीला तेलुगूत 'टीका' म्हणतात, त्यावर मराठी मुलं दिवसभर हसली. म्हाताऱ्यांना मात्र 'सूदी' म्हटल्यावरच कळत होतं.

प्रश्नाआधी एक परिच्छेद वाचायचा असतो: आजार कसा पसरतो, किती जणांना दवाखान्यात जावं लागतं, लस किती वाचवते, डोस किती, ताप किती दिवस, लस कुठे मिळणार. यातलं एक जरी राहिलं तर समोरचा आपल्या मनाने भर घालतो आणि दोन माणसं दोन वेगळ्या लसींचा भाव सांगतात. सगळ्यात अवघड जातं ते प्रमाण समजावणं. 'हजारात पाच जण' हे शिकलेल्यालाही नीट कळत नाही, म्हणून ठिपक्यांचं चित्र नेलं होतं. विडी घरकुलात ते गुंडाळून ठेवावं लागलं. रोज हजार विड्या मोजून कंपनीच्या ब्रँचला देणाऱ्या बाईला हजार म्हणजे काय हे आमच्यापेक्षा जास्त कळतं. पंचवीसचा एक कट्टा, असे चाळीस कट्टे, त्यात पाच विड्या छाट, म्हणजे नापास. "एवढीच छाट? मग बरं की," एक अक्का म्हणाली, आणि लगेच थांबली. "पण ही माणसं ना?" त्या घरातलं उत्तर विचार करून दिलेलं होतं.

त्यानंतर दुसरा भाव. ५००ला 'नाही' म्हटल्यावर आमचा मुलगा २५०वर आला तशी घरातली सासू म्हणाली, "थांब गं, अजून उतरवतोय." खरंच आहे. पहिला प्रश्न विश्वासाने ऐकला जातो. दुसऱ्याला घासाघीस सुरू झाली असं वाटतं. उलट पहिल्याला 'हो' म्हणून लगेच चढा भाव ऐकला की माणूस फसवल्यासारखा चिडतो. म्हणून दोन हिशेब करतो, एक फक्त पहिल्या उत्तरावर आणि एक दोन्हींवर. त्यांत फार फरक पडला तर पहिलाच धरायचा.

'नाही' म्हणणाऱ्याला कारण विचारायचं, आणि घाईत हाच प्रश्न गाळला जातो. 'पैसे नाहीत' आणि 'लस नको' हे खरे शून्य, म्हणजे त्या माणसाची तयारी शून्य रुपये. 'तवा सरकारनं फुकट टोचलं की, आता का पैसे?' हे शून्य नव्हे. त्या माणसाला लस हवी आहे, त्याला पैसे मागणं मान्य नाही. १६ जानेवारी २०२१पासून सरकारी केंद्रावर लस मोफतच मिळाली, तेव्हा त्याचं म्हणणं वावगंही नाही. अशी उत्तरं धरून एक आणि वगळून एक, असे दोन्ही आकडे द्यावे लागतात. नुसते वगळले तर सरासरी फुगते.

तोंडी 'हो' आणि खिशातला 'हो' यांत अंतर असतंच. १० एप्रिल २०२२पासून १८ ते ५९ वयोगटाला तिसरा डोस खासगी केंद्रावर पैसे देऊन घेता येत होता. लसीचे २२५ आणि वर जास्तीत जास्त १५० सेवाशुल्क, म्हणजे पावणेचारशेच्या आसपास. फार थोडे गेले. १५ जुलैपासून ७५ दिवस तोच डोस मोफत केल्यावर रांगा वाढल्या. पण तोवर साथीची भीतीही ओसरली होती, त्यामुळे सगळं खापर किमतीवर फोडता येत नाही. म्हणून भाव विचारण्याआधी एक वाक्य वाचायचं ठेवलं आहे: 'हे पैसे दिले तर या महिन्याच्या किराण्यातून किंवा बचतगटाच्या हप्त्यातून जातील, हे धरून सांगा.' हप्ता हा शब्द आला की माणसं खरोखर थांबतात.

शेवटचं पाकीट फोडलं ते दुपारी जीभ रेटत नाही म्हणणाऱ्या मुलीने. निघाला हिरवा. तिने आमच्याकडे पाहिलं, मग फॉर्ममध्ये पाहून विचारलं, "अक्का, एका डोसचे हजार रुपये द्याल का?"

अक्काच्या मांडीवरच्या सुपात पान, तंबाखू, सूत. हात थांबले नाहीत, आणि तिला रागही आला नाही. "हजार म्हणजे माझ्या आठवड्याच्या विड्या. वर ताप आला तर दोन दिवस बसून. नाही." पाचशे? "नाही." मुलगी कारणाच्या रकान्यात खूण करणार तेवढ्यात अक्का म्हणाली, "माझ्यासाठी नाही म्हटलं. पोराला असेल तर हजार देते. कर्ज काढून देते."

फॉर्मवर यासाठी जागा नव्हती. 'तुम्ही द्याल का' एवढंच होतं. कुणासाठी, ते नव्हतं. म्हणजे दिवसभराच्या 'हो'पैकी किती स्वतःसाठी, किती मुलासाठी आणि किती सगळ्या घरासाठी मिळून होते, हे कळायला मार्ग राहिला नाही. मुलीने समासात 'मुलगा – हो, १०००' लिहून ठेवलं. रात्री भावाच्या, म्हणजे सातव्या प्रश्नाचे दोन केले: ७-अ स्वतःसाठी, ७-आ घरातल्या सर्वांत लहान मुलासाठी. दोन्हींत 'एका माणसाचा, एका डोसचा' हे शब्द ठळक केले, बुडणाऱ्या मजुरीचा रकाना वेगळा घातला आणि चारही रंग पुन्हा छपाईला टाकले.