तालमीसाठी रकाना नव्हता

आमच्या नाट्यगटाने स्थानिक कला अनुदानासाठी पहिल्यांदा अर्ज केला, तेव्हा तो लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. वयस्कर माणसे आणि शाळकरी मुले यांनी सहा महिने एकत्र बसून स्वतःच्या आठवणींतून नाटक उभे करावे, अशी आमची योजना होती. अर्जात प्रयोगांची संख्या, अपेक्षित प्रेक्षक आणि सभागृहाचे भाडे यांचे रकाने होते. तालमीसाठी एकही नव्हता, आणि आमचे खरे काम तर तालमीतच होणार होते. तो अर्ज नामंजूर झाला.

दुसऱ्या वर्षी मंजुरी मिळाली, पण रक्कम खर्चाच्या पावत्या सादर केल्यानंतरच मिळणार होती. ज्यांच्याकडे शिल्लक होती त्यांनी पैसे घातले. आमच्या ढोलकीवादकाला मात्र रोजंदारी बुडवून, मानधनाची वाट पाहत तालमीला येणे परवडले नाही आणि त्याने महिनाभरातच येणे थांबवले. ज्यांच्यासाठी हा निधी असायला हवा, त्यांनाच तो पैसे देण्याच्या पद्धतीमुळे बाहेर ठेवतो, हे मला तेव्हा स्पष्ट दिसले, आणि त्याचे दुःख अजूनही आहे.

हिशेब सादर करताना मी सोबत एक निवेदन जोडले. ब्रिटनमध्ये १९४६ साली आर्ट्स कौन्सिल स्थापन झाली, तेव्हा पैसा सरकारचा असला तरी तो कोणाला द्यायचा हे स्वतंत्र मंडळाने ठरवावे, अशी व्यवस्था झाली. सत्तेपासूनचे हे अंतर मला मोलाचे वाटते. पण निवड करणारे सगळेच कलाक्षेत्रातले जाणकार असले, तर निधी वस्तीपासूनही तितकाच दूर जातो. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहरात १९८९पासून नागरिक सभांमध्ये एकत्र येऊन नगरपालिकेच्या खर्चाचे प्राधान्यक्रम ठरवू लागले. कलेच्या निधीसाठीही निवड समितीत काही जागा रहिवाशांना द्याव्यात, निम्मी रक्कम आगाऊ मिळावी आणि तालमीचा वेळ हा रीतसर खर्च मानावा, अशा तीन मागण्या मी केल्या.

आगाऊ रकमेची मागणी काही अंशी मान्य झाली. रहिवाशांच्या जागांबाबत अजून उत्तर आलेले नाही. यंदाच्या अर्जात तालमीचा रकाना नसल्याने मी तो तपशील वेगळ्या कागदावर तासांसह लिहून जोडला आहे आणि मानधनाच्या यादीत ढोलकीवादकाचे नाव सर्वांत वर ठेवले आहे.